बागेच्या ग्रुपवरचं अवांतर: काय ठेवायचं, काय हाकलायचं

सकाळी सातला कुणीतरी गच्चीवरच्या बागेच्या ग्रुपवर जास्वंदीच्या फांदीचा फोटो टाकून विचारतं की हा पांढरा कापूस कसला आहे आणि काय फवारू. साधा प्रश्न, पिठ्या ढेकूण आहे, निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात कालवून मारा, झालं. पण तेवढ्यात गुड मॉर्निंगचे गुलाब, एका काकांचा वाढदिवस, त्यावर केकच्या इमोज्या, मग टोल का वाढला यावरून दोघांची जुंपते आणि दुपारी कुणीतरी वर स्क्रोल करून उत्तर देतं तोपर्यंत त्या बाईंनी भलतंच काहीतरी मारून फांदी जाळलेली असते. अवांतराचं खरं नुकसान हे असं असतं. लोक वैतागतात वगैरे ठीके, पण प्रश्न बुडतो हे जास्त वाईट.

म्हणून बरेच अ‍ॅडमिन एक दिवस तडकतात आणि नियम काढतात की फक्त बागेबद्दल बोला, बाकी काही टाकलं तर काढून टाकीन. असं करू नका. पंधरा दिवस ग्रुप एकदम स्वच्छ होतो आणि मग शांत होतो, कारण रोज मावा किडीबद्दल बोलण्यासारखं कुणाकडेच नसतं आणि ज्या जुन्या मंडळींच्या उत्तरांवर ग्रुप चालतो तीच आधी सटकतात, ती मुळात गप्पांसाठीच थांबलेली असतात.

मग गाळायचं कसं? माझ्या मते एकच चाळणी पुरते: माणसाने स्वतः टाइप केलंय की कुठून तरी ढकललंय. घरच्या अळूचं फतफतं केलं, त्यात मुळा घातला तर चालतो का, हे अवांतरच, पण ते त्या बाईंचं स्वतःचं आहे, त्यातून अळूच्या जाती निघतात, खाज का सुटते ते निघतं, कुणीतरी कंद द्यायला तयार होतं. उलट डोक्यावर दोन बाणांवालं "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" असलेलं काहीही, मग ते गुळवेलीने शुगर पळते असं का असेना (आणि हे तर वरवर बघता झाडपाल्याचंच वाटतं, म्हणून जास्त धोक्याचं), बाहेर. विषय जुळतो का हे बघत बसलात तर दिवसभर न्यायाधीशगिरी करावी लागेल, फॉरवर्ड आहे का हे मात्र एका नजरेत कळतं आणि त्यावर वादही होत नाही.

आता जागा. नुसतं "इथे नको" म्हणून भागत नाही, "मग कुठे" हे सांगावं लागतं. मराठी साइट्सवर बसणाऱ्या जुन्या लोकांना वाहतं पान माहीत असेल, जिथे गप्पा वाहून जातात आणि साठत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच करता येतं. बागेची कम्युनिटी करा (ही सोय 2022 च्या शेवटी आली), तिच्यात एक ग्रुप फक्त प्रश्नोत्तरांचा आणि दुसरा गप्पांचा, आणि गप्पांच्या ग्रुपला डिसअपिअरिंग मेसेज (म्हणजे आपोआप पुसले जाणारे) 7 दिवसांवर लावून टाका. सगळ्यांच्या फोनमधली जागा वाचते, आणि मागच्या महिन्यात तू मला असं म्हणाला होतास हे उकरून काढायची सोय राहत नाही, हा फायदा लिहून ठेवण्यासारखा आहे. प्रश्नांच्या ग्रुपला मात्र हे चुकूनही लावू नका, तिथलं जुनं सर्च करून सापडलं पाहिजे. आणि फोटोबरोबर झाडाचं नाव मराठीत टाइप करायची सवय लावा, नुसता फोटो सर्चमध्ये येत नाही. टेलिग्रामवर असाल तर एकाच ग्रुपात टॉपिक पाडता येतात आणि भांडण पेटलं की स्लो मोड लावून दर माणसाला त्याच्या दोन मेसेजच्या मध्ये काही सेकंदांपासून एक तासापर्यंत थांबायला लावता येतं, पण आपल्याकडे आत्या-मावश्या टेलिग्रामवर येत नाहीत हे सत्य आहे.

गप्पांच्या ग्रुपचं नाव जरा आपुलकीचं ठेवा. "ऑफ टॉपिक" असं ठेवलंत तर तिथे जाणं म्हणजे वर्गाबाहेर उभं राहणं वाटतं. पारावर, कट्टा, चहाची वेळ, काहीही चालेल. आणि सुरुवातीला अ‍ॅडमिनने स्वतः तिथे पडीक राहायचं, नाहीतर कुणी फिरकत नाही.

खरी गंमत मधल्या गोष्टींची. गणपतीच्या आधी आठवडाभर पत्री कुठे मिळेल याचे मेसेज येतात, शमी कुणाकडे आहे, माका म्हणजे हाच का, डोरली कशी ओळखायची. हे बागेचंच आहे, राहू द्या, उलट पिन करा, पिन 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस ठेवता येतो. पण मग आरास येते, घरोघरचे बाप्पा येतात, मोदक येतात, आणि तुम्ही कितीही कडक असलात तरी बाप्पाच्या फोटोखाली "विषय सोडून नको" लिहायची कुणाची हिंमत नाही. सरळ आधीच जाहीर करा की दहा दिवस फोटो कट्ट्यावर, इथे फक्त पत्री आणि निर्माल्याचं खत. आधी सांगितलं की ऐकतात, नंतर सांगितलं की भावना दुखावतात.

दुःखाच्या बातमीचंही ठरवून ठेवा. कुणी गेलं की शंभर वेळा भावपूर्ण श्रद्धांजली पडते आणि त्या घरच्या माणसाला ते वाचायला वेळही नसतो. एक मेसेज अ‍ॅडमिनने टाकायचा, थोडा वेळ ग्रुप फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा ठेवायचा, बाकीच्यांनी त्या घरी फोन करायचा किंवा पर्सनल मेसेज करायचा. हे कोरडं वाटतं पण तसं नाहीये.

विक्री: बी-रोपांची देवाणघेवाण कधीही, पैसे घेऊन विकायचं असेल तर आठवड्यातून एकच वार. बास.

राजकारण आणि जात-धर्म यांना कट्ट्यावरही जागा नको, चर्चेचं न संपणारं भांडण व्हायला दोन माणसं पुरतात. काढून टाकायचं, अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. घाबरलेले अ‍ॅडमिन विचारतात की कुणी काही भलतं टाकलं तर आपल्याला आत टाकतील का. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असं म्हटलंय की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेलं असल्याचं दिसावं लागतं. तरी दिसलं की काढा, ग्रुपच्या तब्येतीसाठी.

टोकायचं कसं, तर ग्रुपवर कधीच नाही. काकांना पर्सनलला लिहा, "काका, बांधावरचा फोटो झकास आलाय, कट्ट्यावर टाकाल का, इथे सकाळपासून दोन प्रश्न वर गेलेत." कारण दिलं आणि कौतुक आधी केलं की बहुतेक ऐकतात. न ऐकणारे एक लांबलचक पत्र लिहून ग्रुप सोडतात. आता ग्रुप सोडला की सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, पण अशा लोकांना गुपचूप जायचंच नसतं. त्या पत्राला उत्तर देऊ नका, मनधरणीही नको, महिन्याभराने कढीपत्त्याची पानं पिवळी पडली की बरेच परत येतात, तेव्हा काही न बोलता घ्या.

आणि अ‍ॅडमिन नसाल तर? "हा बागेचा ग्रुप आहे ना??" असं लिहू नका, त्यावर जे वीस मेसेज पडतात तेही अवांतरच असतात. ग्रुप म्यूट करा, सेटिंगमध्ये जाऊन फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद करा, आणि बुडालेला प्रश्न दिसला तर तो धरून रिप्लाय करा, म्हणजे प्रश्न फोटोसकट परत खाली येतो आणि टोलवाले आपोआप वर सरकतात.