सोलेनॉईड बदलायच्या आधी लिंक, अर्थिंग आणि बॅटरी बघा

एका पावसाळ्यात माझ्या ट्रकचे स्टॉप सोलेनॉईड (चावी ऑन असताना करंटवर डिझेल पंपाचा लिव्हर ओढून धरणारा आणि चावी काढली की सोडून इंजिन बंद करणारा पार्ट) दोन महिन्यांत तीन वेळा जळाले. गाडी 24 व्होल्टची, जुना इनलाईन पंप, काम रत्नागिरीकडून जांभा चिरा भरून आंबा घाटातून कोल्हापूरला. दरवेळी नवीन बसवायचा, पंधरा-वीस दिवस चालायचं आणि मग परत तोच जळका वास. तिसऱ्यांदा रात्री साखरप्याजवळ भरलेली गाडी उभी राहिली. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी नवीन पार्टला हातसुद्धा न लावता आधी सोलेनॉईड आणि पंपाचा लिव्हर जोडणारा लिंक रॉड सोडला आणि मला चावी ऑन करायला लावली, प्लंजर (सोलेनॉईडमधला सरकणारा दांडा) टक् करून पूर्ण आत गेला. मग रॉड परत जोडून चावी दिली तर प्लंजर तीन मिलीमीटर अलीकडेच थांबला, कारण पंपाचा लिव्हर आधीच स्टॉपरला टेकत होता. पावसाळ्याआधी पंप कॅलिब्रेशनला खोलला होता, तेव्हा रॉड चुकीच्या लांबीवर बसवला गेला होता. बास, एवढंच.

हे का जळतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. या सोलेनॉईडमध्ये दोन कॉईल असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. ओढणारी कॉईल क्षणभरासाठी तीस-चाळीस अँपिअरसुद्धा घेते, धरणारीला एखादा अँपिअर पुरतो. दोन वायरवाल्यात आत एक छोटा कॉन्टॅक्ट असतो, प्लंजर तळाला टेकला की तोच मोठ्या कॉईलचा करंट तोडतो. प्लंजर टेकलाच नाही तर मोठी कॉईल चालूच राहते आणि मिनिटा-दोन मिनिटांत वास येतो. तीन वायरवाल्यात मोठ्या कॉईलला करंट फक्त सेल्फ (स्टार्टर) मारताना रिलेमधून यायला पाहिजे, कुणी शॉर्टकट मारून ती वायर डायरेक्ट चावीच्या ऑन लाईनवर जोडली तर तोही जळणारच. वायरच्या रंगावर जाऊ नका, मल्टीमीटरवर ओहम बघा, कमी ओहमवाली ओढणारी आणि कितीतरी जास्त ओहमवाली धरणारी.

म्हणून पंप, रॉड किंवा ब्रॅकेट कशालाही हात लागला की सेटिंग परत बघायचंच. रॉडची लांबी अशी ठेवा की प्लंजर पूर्ण टेकेल आणि लिव्हर रन पोझिशनला (इंजिन चालू राहण्याच्या जागी) स्टॉपरच्या अगदी जवळ पोचेल पण त्यावर दाबून बसणार नाही. प्लंजर आणि रॉड एका सरळ रेषेत पाहिजेत, तिरकं ओढलं तर घासून अडकतं. रबरी बूट फाटला असेल तर लगेच बदला, कोकणातली लाल माती पाण्याबरोबर आत गेली की प्लंजर चिकटायला लागतो.

आता सेल्फ. चावी दिली की नुसतं कट-कट-कट वाजतं आणि लोक म्हणतात सेल्फ गेला, खोलून घ्या. नव्वद टक्के वेळा असं असतं असं मी म्हणणार नाही, पण आधी बॅटरी आणि केबल बघितल्याशिवाय सेल्फ खाली उतरवू नका. सेल्फच्या सोलेनॉईडलाही ओढणारी आणि धरणारी कॉईल असते, लोड आला की व्होल्टेज पडतं, धरणारी सोडून देते, व्होल्टेज परत चढलं की परत ओढते, आणि हेच ते कट-कट. असं वाजत असताना चावी धरून ठेवली की आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी जळतात, आणि कधीकधी चिकटून बसतात मग इंजिन चालू झालं तरी सेल्फ फिरतच राहतो.

तपासायची पद्धत अशी. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, चाकाला उटी, स्टॉप सोलेनॉईडचा कनेक्टर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही (चावी काढल्यावर करंट जाऊन बंद होणाऱ्या पंपालाच हे लागू). मीटर डीसी व्होल्टवर. लाल प्रोब बॅटरीच्या प्लस पोलवर, लगवर (केबलच्या टोकाच्या क्लॅम्पवर) नाही तर शिशाच्या पोलवरच, काळा प्रोब सेल्फच्या मोठ्या स्टडवर, आणि क्लिनरला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर केबल चांगली, एकच्या वर गेलं तर कुठंतरी लग सैल आहे किंवा केबल आतून कुजलीये. मग तसंच बॅटरीचा मायनस पोल ते सेल्फची बॉडी. माझ्या अनुभवात खोट बहुतेक या मायनसच्या बाजूलाच निघते. इंजिन रबर माउंटिंगवर असतं, त्यामुळे इंजिन ते चेसिस ही विणलेली अर्थिंगची पट्टी तुटली की करंट ॲक्सिलेटरच्या केबलमधून, लिंकमधून वाट काढतो आणि त्या गरम होतात. पट्टी काढा, खालचा पेंट आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस.

बॅटरीच्या पोलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, पाणी बुचातून आत जाऊ देऊ नका. केबल काढताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, 24 व्होल्टच्या गाडीत टेप, पंखा, मोबाईल चार्जर एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट घेऊन चालवू नका. सगळेच करतात, मीपण केलंय. ती एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी उडवते, दोन्ही मिळून मोजलं तर सगळं ठीक वाटतं पण पहाटे थंडीत सेल्फ मारला की कमजोर बॅटरी बसते आणि दोन्ही सोलेनॉईडचा जीव जातो. 24 ते 12 चा कन्व्हर्टर टाका. रात्रभर उभ्या गाडीची प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, फुल चार्ज 12.6 च्या आसपास पाहिजे, दोघींत पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. इंजिन चालू असताना दोन्ही मिळून साधारण 27.5 ते 28.5. बॅटरी बदलायची तर जोडीनेच.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा, दोन-तीनदा होऊनही चालू नाही झाली तर डिझेलमध्ये हवा आहे का ते बघा. चेसिसवर वेल्डिंग करायचं असलं तर बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवून ठेवा. बीएस-4 नंतरच्या कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) गाड्यांत हा बाहेरचा स्टॉप सोलेनॉईड नसतो, पण बॅटरी-केबलचं सगळं तसंच लागू, फक्त युरियावाल्या (धूर साफ करायला युरियाचं पाणी वापरणाऱ्या) बीएस-6 गाडीत चावी बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच बॅटरीचा कटऑफ मारा, युरियाचा पंप लाईन रिकामी करत असतो.

आणि पान्याने सेल्फचे स्टड शॉर्ट करून गाडी चालू करू नका. गिअरमध्ये राहिली असेल तर गाडी तिथल्या तिथे उडी मारते आणि आपण चाकासमोरच असतो. रस्त्यात स्टॉप सोलेनॉईड गेलाच तर लिव्हर तारेने रनला बांधून घरापर्यंत येता येतं, पण मग चावी काढून इंजिन बंद होणार नाही, लिव्हर हाताने कुठल्या बाजूला ओढला की बंद होतो हे निघायच्या आधी क्लिनरला दाखवून ठेवा, आणि नवीन बसवायच्या वेळी पहिल्यांदा ती तार काढा.