जुन्या कागदाला हात लावण्याआधी

रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले तेव्हा कलावस्तूंच्या संवर्धनात जायचं एवढंच ठरलं होतं. नोएडाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज, लखनौची एनआरएलसी (सांस्कृतिक वस्तूंच्या संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा), मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र ही नावं शोधल्यावर सापडली. पण तिथवर जायचं तर हाताला आधी थोडं वळण हवं. अमेरिकेतले काही पदव्युत्तर अभ्यासक्रम तर रसायनशास्त्र, कलेतिहास आणि चित्रकलेच्या जोडीला प्रवेशाआधीच केलेल्या कामाचे शेकडो तास मागतात. ते तास आणायचे कुठून?

मला ते आमच्या गावच्या जुन्या वाचनालयात मिळाले. मागच्या खोलीत रुमालात बांधलेली मोडी कागदपत्रं आणि पोथ्या होत्या. ग्रंथपाल काकांना म्हटलं, "काका, मी फक्त धूळ झाडीन आणि यादी करीन." ते म्हणाले, "कर बाई, पण एक कागद इकडचा तिकडे होता कामा नये." पहिले दोन महिने मी खरंच तेवढंच केलं. मऊ ब्रशने शिवणीकडून कडेकडे झाडायचं, प्रत्येक पोथीची लांबी-रुंदी, पानं, फाटलेले कोपरे, कसरीची भोकं, पाण्याचे डाग लिहायचे. टॉर्च कागदाच्या बाजूने जवळजवळ आडवा धरला की समोरून न दिसणाऱ्या सुरकुत्या आणि फुगवटे उठून दिसतात. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या मते नवख्याने करावं असं याहून मोलाचं काम नाही. बघायची सवय इथेच लागते.

माझी चूकही इथलीच. एका पोथीवरचा मातीचा डाग मी ओलसर कापसाने टिपायला गेले आणि शेजारची अक्षरं पसरली. काजळाची शाई उजेडाने फिकी पडत नाही, पण ती डिंकात कालवलेली असते, पाणी लागलं की सुटते. कोपऱ्यातल्या एखाद्या ठिपक्यावर आधी चाचणी घ्यायला हवी होती. कितीतरी पोथ्यांच्या शेवटी लेखकू, म्हणजे पोथी उतरवून काढणारा, पोथीच्याच तोंडून लिहून ठेवतो की मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. त्या दिवशी ते वाचून मला रडू आलं. काकांना सांगितलं आणि नोंदवहीत लिहिलं: कोणतं पान, कोणती ओळ, डाग कशाने पसरला. झालेलं नुकसान लपवायचं नाही, हा या कामातला पहिला नियम आहे.

दुरुस्तीचा सराव मात्र रद्दीवरच करा. जुन्या वह्यांची पानं मुद्दाम फाडायची आणि जोडायची. त्यासाठी खळ लागते, गव्हाच्या शुद्ध स्टार्चची. घरी कुरडयांचा चीक शिजताना पाहिला असेल तर निम्मं काम येतंच: मंद आच, सतत ढवळणं, पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाक येईपर्यंत. मग गाळणीतून दोनतीनदा घासून काढायची. जोडायला जपानी टिश्यू, म्हणजे लांब तंतूंचा पातळ पण चिवट कागद. तो कात्रीने कापायचा नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढून हलकेच ओढला की कडेला तंतू सुटतात आणि जोड कागदात मिसळतो. वर टीपकागद आणि वजन ठेवून वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी जोड किंचित ओला करून सोडवून बघा. मूळ पान न दुखावता तो सुटला, तरच तो जोड चांगला. सेलोटेप याच कसोटीवर नापास होते: काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि पिवळा चिकट डाग कागदात मुरून बसतो.

एक गोष्ट आवर्जून सांगते. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा रंग दिसला तर तो हरताळ असू शकतो. 'हरताळ फासणे' आपण सहज बोलतो, पण हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. शिवाय जुन्या कपाटांत कोणती कीटकनाशकं मारली होती कोण जाणे. हातमोजे आणि मास्क घाला, काम झाल्यावर हात धुवा, तिथे बसून डबा खाऊ नका.

प्रत्येक कामाचे आधीचे-नंतरचे फोटो, तारीख आणि लागलेले तास एका वहीत ठेवा. अर्ज करताना हीच वही पुढे ठेवता येते. वाचनालयात विचारायला पावसाळा संपतानाचे दिवस चांगले. दमट हवेत कपाटं बंद राहिलेली असतात, कुठे बुरशी धरलेली असते, आणि दिवाळीआधी सगळं उघडून वारा द्यायला माणसं हवीच असतात.