विंडोज ११वर आपल्याच पसंतीचा ब्राउझर टिकवायचा तर

सोसायटीच्या ऑफिसात बेस्टच्या वीजबिलाच्या पीडीएफवर क्लिक केलं की ती एजमध्ये, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि मालमत्ता कर भरायच्या साइटचा पासवर्ड असतो क्रोममध्ये. डिफॉल्ट ब्राउझर बदलला तरी हे थांबत नाही. कारण वेबलिंक, पीडीएफ, स्टार्ट मेनूतला शोध आणि आउटलुक यांच्या सेटिंग्ज विंडोजने वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. पैसे मोजून घेतलेल्या मशीनवर ग्राहकाला ही खटपट करायला लावणं अन्यायाचंच आहे. पण एकदा नीट बसून केली की त्रास बराच कमी होतो.

आधी लिंक. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स असं जा, यादीत आपला ब्राउझर निवडा आणि सर्वांत वरचं ‘सेट डिफॉल्ट’ बटण दाबा. २०२१मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा हे बटण नव्हतं, प्रत्येक प्रकार वेगळा बदलावा लागे. लोकांनी ओरड केल्यावर २०२२च्या अपडेटमध्ये ते आलं. दिसत नसेल तर आधी विंडोज अपडेट करा. ब्राउझरच्या आतलं ‘डिफॉल्ट करा’ बटण बरेचदा याच पानापर्यंत आणून सोडतं, तेवढ्यावर काम झालं असं समजू नका.

या बटणाने वेबलिंक (एचटीटीपी, एचटीटीपीएस) आणि वेबपानांच्या एचटीएमएल फायली आपल्या ब्राउझरकडे जातात, पीडीएफ एजकडेच राहण्याची शक्यता मोठी. डिफॉल्ट ॲप्सच्या पानावर वरच्या चौकटीत टिंब देऊन ‘.pdf’ असं टाइप करा, खाली आलेल्या नावावर क्लिक करा आणि हवं ते ॲप निवडा. ‘आधी एज वापरून पाहा’ अशा अर्थाची खिडकी आली तर ‘स्विच एनीवे’.

ही निवड विंडोजमधल्या ज्या त्या वापरकर्त्याच्या खात्यापुरतीच असते. मॅनेजर, अकाउंटंट आणि सेक्रेटरी यांची खाती वेगळी असतील तर तिन्हींत हेच करा. ‘काल तर बदललं होतं’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच कारण असतं.

ईमेलच्या क्लासिक (जुन्या) आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे ‘लिंक हँडलिंग’ शोधा आणि ‘डिफॉल्ट ब्राउझर’ निवडा. स्टार्ट मेनूतला वेबशोध मात्र एज आणि मायक्रोसॉफ्टच्याच बिंग या सर्च इंजिनकडेच जातो. तो वळवणारं एजडिफ्लेक्टर हे छोटं टूल २०२१मध्येच बंद पाडलं गेलं. म्हणून वेबवरचं काही शोधायचं तर थेट आपल्या ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये लिहा.

एजच्या सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी तपासाच. ‘स्टार्टअप बूस्ट’ बंद करा, म्हणजे एज न उघडता मागे चालू राहणार नाही. आणि दुसऱ्या ब्राउझरचा डेटा प्रत्येक वेळी आपोआप आणण्याचा पर्याय चालू असेल तर तोही बंद करा. चारजण वापरतात त्या कॉम्प्युटरवर खासगी डेटा असा आपोआप पसरण्याचा धोका मोठा आहे.

एज उपटून टाकणाऱ्या स्क्रिप्ट वापरू नका. युरोपात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे २०२४पासून तो रीतसर काढता येतो, भारतात तशी सोय दिलेली नाही. अशा स्क्रिप्ट बरेचदा वेबव्ह्यू२ (इतर ॲप्सना वेबपानं दाखवायला लागणारा भाग) हेही उडवतात, आणि मग टीम्स किंवा नवं आउटलुक बिघडतं.

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्समध्ये ब्राउझर बदला, शिवाय जीमेलच्या जनरल सेटिंग्जमध्ये लिंक जीमेलमध्येच उघडण्याचा पर्याय बंद करा. फोनमध्ये ॲप्स आधीच भरून देण्याची सक्ती आपल्याकडेही गैर ठरवली गेली आहे: भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला.

मोठ्या अपडेटनंतर विंडोज कधी ‘शिफारस केलेल्या ब्राउझर सेटिंग्ज’ वापरा म्हणतं. तिथे घाईत पुढे न जाता ‘बदलू नका’ हाच पर्याय निवडा, आणि नंतर एक लिंक आणि एक पीडीएफ उघडून खात्री करा.