टॅबवर मराठी पुस्तकं आणि कॉमिक्स नीट कशी वाचावीत

पुस्तक उघडलं, अक्षर बारीक दिसलं, दोन बोटांनी मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर गेली. बहुतेकांचं टॅबवरचं वाचन इथंच थांबतं. याचं कारण बहुधा फाइलमध्ये असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

फाइल ओळखा

पीडीएफमध्ये पान जसं मांडलं तसंच राहतं. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं जुळतात. कथा-कादंबरी वाचायची तर ईपबच शोधा. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातल्या पुस्तकांना डाउनलोडचं बटण असतं, तिथून ईपब मिळतं. ई-साहित्य प्रतिष्ठानची मराठी पुस्तकं मोफत मिळतात, पण ती मुख्यतः पीडीएफ. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं झाली की भारतात साहित्य स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. चोरून फिरवलेल्या फाइलींच्या नादी लागण्याची गरजच नाही, इतकं वाचायला आहे.

पीडीएफच हाती आली तर एक चाचणी करा. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा, तो कॉपी करा आणि नोट्समध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर फाइल युनिकोड आहे, म्हणजे तिची अक्षरं कुठल्याही यंत्राला कळतात. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड आली तर ती जुन्या फॉन्टमधली आहे. अशा फाइलीत शब्द शोधता येत नाही, ती मोठ्यानं वाचून घेता येत नाही आणि तिचं ईपब केलं तर पानोपानी तीच गिचमिड निघते. शब्द निवडताच आला नाही तर ते स्कॅन केलेलं पुस्तक. या दोन्हींना पीडीएफ म्हणूनच वाचा.

आता मापं बघा. १०.१ इंची, १६:१० प्रमाणाच्या टॅबचा पडदा सुमारे २१.७ बाय १३.६ सेंमी असतो. डेमी आकाराचं मराठी पुस्तक साधारण २१.६ बाय १४ सेंमी, म्हणजे ते जवळजवळ मूळ आकारात दिसतं. ए-फोर पान मात्र २१ सेंमी रुंद. ते १३.६ मध्ये बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटहूनही लहान होतं. दोन्ही बाजूंचा अडीच-अडीच सेंमी समास ॲपमधल्या क्रॉपनं छाटला, तर तेच अक्षर १० पॉइंटचं दिसतं. एवढ्यानंही डोळे ताणत असतील तर टॅब आडवा धरा.

अक्षर बसवा

वाचायला अँड्रॉइडवर रीडएरा आणि आयपॅडवर ॲपल बुक्स हे ॲप पुरेसं आहे. पहिल्या दिवशी दहा मिनिटं फक्त सेटिंगला द्या. एका ओळीत आठ-दहा शब्द येतील इतकं अक्षर ठेवा. ओळींमधलं अंतर १.४ ते १.५ करा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांत अडकले की डोळा ओळ चुकतो. दोन्ही कडा सरळ करण्याचा पर्याय बंद ठेवा. मराठीत लांबलचक सामासिक शब्द पुढच्या ओळीवर ढकलले जातात आणि मागं भोकं पडतात. शब्द तोडणारा पर्यायही बंदच बरा.

फॉन्टकडे दुर्लक्ष करू नका. बऱ्याच टॅबमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. मराठी वळण हवं असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट उतरवा आणि बाहेरचा फॉन्ट घेणाऱ्या ॲपमध्ये टाका. शाळेच्या पुस्तकात गिरवलेला ‘ल’ समोर आला की वाचायला बरं वाटतं. ओव्या, कविता, अहिराणी गाणी वाचताना टॅब आडवा करा, नाहीतर ओळ मध्येच तुटते आणि लय जाते.

कॉमिक्स

कॉमिक्सच्या फाइली सीबीझेड किंवा सीबीआर असतात. सीबीझेड म्हणजे चित्रांची झिप, सीबीआर म्हणजे रार. झिप आणि रार या अनेक फाइली एकत्र बांधण्याच्या दोन पद्धती. नव्या पद्धतीची रार फाइल काही ॲपना उघडत नाही आणि पडदा कोरा राहतो. संगणकावर ती सोडवून चित्रांची झिप करा आणि नावाच्या शेवटी झिपऐवजी सीबीझेड लिहा. पानांना ००१, ००२ असे क्रमांक द्या. नुसतं १, २ लिहिलं तर काही ॲप १ नंतर थेट १० उघडतात आणि गोष्टीचा विचका होतो.

अमेरिकी कॉमिक्सचं पान साधारण १६.८ बाय २६ सेंमी असतं. १०.१ इंची टॅबवर ते मूळच्या ८१ टक्के दिसतं, ८ इंचीवर जेमतेम ६४ टक्के. फुग्यातली अक्षरं मग वाचवत नाहीत. कॉमिक्सच वाचायची असतील तर ८ इंची टॅब घेऊ नका. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा ॲपमध्ये दिशा बदला.

प्रवास आणि ऊन

अक्कलकुवा, धडगावकडे डोंगरात रेंज जाते. निघण्याआधी पुस्तकं टॅबमध्ये उतरवा आणि विमान मोड लावून एकदा उघडून पाहा. नुसतं मुखपृष्ठ दिसलं म्हणजे पुस्तक उतरलंच असं नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. आयपॅड वापरण्याची कमाल मर्यादा ॲपल ३५ अंश सांगते. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत टॅब ठेवला तर बॅटरीचं आयुष्य घटतं. तापल्यावर पडदा आपोआप मंद होतो. दुपारी चार्जिंगला लावून वाचू नका. जास्त तापल्याची सूचना आली तर टॅब बंद करा, कव्हर काढा आणि सावलीत फरशीवर ठेवा. फ्रिजमध्ये मुळीच नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.