स्मृतीच्या संशोधनात येताय? आधी वेळेचं गणित शिका

या क्षेत्रात नवीन आलेली मुलं पहिल्यांदा जनुकांची नावं पाठ करायला घेतात. नावं हळूहळू अंगवळणी पडतात. कोणती गोष्ट कधी घडते, हे मात्र मुद्दाम शिकावं लागतं.

न्यूरॉनवर, म्हणजे चेतापेशीवर, जोरदार संदेश येऊन आदळले की तिच्या पृष्ठभागावरची एनएमडीए रिसेप्टर नावाची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि केंद्रकातल्या क्रेब या, जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो. हे सारं काही मिनिटांत होतं. मग सी-फॉस, आर्क ही जनुकं जागी होतात. सी-फॉसचा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल) साधारण ३० मिनिटांनी सर्वाधिक असतो, प्रथिन ६० ते ९० मिनिटांनी. त्यामुळे उंदराला काही शिकवल्यावर किती वेळाने ऊतक घ्यायचं, यावरच तुम्हाला काय दिसणार ते ठरतं.

आमच्या प्रयोगशाळेत नवख्यांचं पहिलं काम असतं उंदरांना रोज हातात घेण्याचं. कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. अनोळखी हात किंवा नवी जागा एवढ्यानेही सी-फॉस वाढतो. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागात चमकणारे सी-फॉसचे ठिपके शिकण्याचे की घाबरण्याचे, हे ठरवायला दोन गट हवेतच: पिंजऱ्यातून बाहेरच न काढलेला आणि तीच जागा पाहूनही काही न शिकलेला. आणि मोजताना नमुनासंख्या उंदरांची धरा, पेशींची नव्हे. एका उंदराच्या शेकडो पेशी म्हणजे शेकडो स्वतंत्र पुरावे नव्हेत.

आजारांकडे वळाल तेव्हा रेट सिंड्रोम या मेंदूच्या वाढीच्या आजारापासून सुरुवात करा, असं मी आग्रहाने सांगते. यामागे बहुतेकदा एमईसीपी२ या जनुकातला बिघाड असतो, हे १९९९ मध्ये कळलं. हे प्रथिन डीएनएला चिकटून इतर असंख्य जनुकांच्या अभिव्यक्तीवर लक्ष ठेवतं. २००७ मध्ये जनुकशास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या गटाने लक्षणं दिसू लागलेल्या प्रौढ उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केलं आणि उंदीर बऱ्याच अंशी सुधारले. न्यूरॉन मेलेले नव्हतेच! या निकालामुळेच मी या कामात टिकून आहे. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजारात गोष्ट वेगळी: तिथे एफएमआर१ जनुक गप्प होतं आणि सिनॅप्सजवळच्या (दोन न्यूरॉनच्या जोडाजवळच्या) प्रथिननिर्मितीवरचा लगाम सुटतो.

प्रवेश घेण्यापूर्वी जमलं तर आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत थोडं संख्याशास्त्र करून ठेवा. सूक्ष्मदर्शक इथे आल्यावरही शिकता येतो.