आयुष्मान कार्ड वाडीतल्या सगळ्यांचं कसं काढायचं आणि चालू कसं ठेवायचं

राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना महाराष्ट्रात २०२० पासून एकत्र चालतात, आणि त्यांचं ओळखपत्र म्हणजे आयुष्मान कार्ड. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट. पिवळं, केसरी, आता पांढरं रेशनकार्डही चालतं, त्यामुळे वाडीत योजनेबाहेर फारसं कुणी उरत नाही. तरी ऐन दुखण्यात माणसं अडतात, आणि बहुतेक वेळा नावापाशी अडतात. शेजारपाजारच्यांना मदत करायला बसणार असाल तर मोबाइल बाजूला ठेवा, आधी कागद बघा.

रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून वाचा

प्रत्येकाचं नाव दोन्हीकडे बोट ठेवून वाचायचं. रेशनकार्डावर ताराबाई, आधारवर तारामती. एकीकडे आडनाव आहे, दुसरीकडे नाहीच. लग्नात नाव बदललेली वहिनी आधारवर अजून माहेरच्या नावाने आहे. हे आत्ताच निस्तरा. आधारातली चूक आधार केंद्रात, रेशनकार्डातली तहसीलच्या पुरवठा शाखेत. जमेल तिथे रेशनकार्ड आधारप्रमाणे करून घ्या, कारण पडताळणी शेवटी आधारवरच होते.

नवी सून घरात आली म्हणून तिचं नाव रेशनकार्डावर आपोआप चढत नाही. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. तो आणायला कुणी जात नाही आणि बाळंतपणाच्या वेळी धावाधाव होते. चाकरमान्यांचा घोळ वेगळा: मुंबईत वेगळं कार्ड काढलेलं आणि गावच्या कार्डावरही नाव तसंच. एकाच ठिकाणी ठेवा. गणपतीत सगळे घरी सापडतात खरे, पण तेव्हा कचेऱ्यांना सुट्ट्या आणि सेंटरवर ही गर्दी. कागदांचे फोटो श्रावणातच व्हॉट्सॲपवर मागवून घ्या.

रेशन दुकानात प्रत्येक सदस्याची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झाली आहे ना, तेही विचारा. ती नसेल तर नाव कार्डावरून उडू शकतं.

आता कार्ड

आयुष्मान ॲप घ्या, लाभार्थी म्हणून मोबाइल नंबर टाका, राज्य आणि जिल्हा निवडा, आधार क्रमांकावरून शोधा. नाव दिसलं की समोर ई-केवायसी करा येईल. आधारला जोडलेला मोबाइल हाताशी असेल तर ओटीपीने काम पटकन होतं. फोटो काढायचा, घरच्यांची माहिती भरायची, पाठवायचं. नाव नीट जुळलं तर कार्ड लगेच मंजूर होतं, नाही तर तपासणीला जातं. नाव सापडलंच नाही तर आशाताईंना किंवा आपले सरकार सेवा केंद्रात विचारा, पात्रतेची यादी त्यांनाही बघता येते. नोंदणीला पैसे लागत नाहीत. फोनवरून कुणी ओटीपी मागितला तर तो कार्डवाला नव्हे, चोर.

खरी पंचाईत अंगठ्याची. काजू फॅक्टरीतल्या काकींची बोटं बघा: तेल, राख लावूनही टरफलाच्या चिकाने कातडी सोलून निघालेली असते. चिऱ्याच्या खाणीवर राबणाऱ्यांचीही तीच गत. मशीनवर अंगठा लागत नाही, ऑपरेटर पुन्हा पुन्हा दाबायला लावतो, आणि काकी कंटाळून घरी जातात. अशा वेळी ऑपरेटरला डोळ्याने किंवा चेहऱ्याने पडताळणी करायला सांगा, ती सोय आहे. चेहऱ्यासाठी उजेडात बसवायचं, पदर मागे घ्यायचा, फोन हलू द्यायचा नाही. रेंज नसेल तर सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या माळावर, जाऊन करा.

खलाशांना गाठायचं तर मासेमारीबंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै. पावसामुळे रेंज जाते, पण निदान माणूस तरी घरी असतो.

सत्तरी ओलांडलेले

ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी आणखी पाच लाख वेगळे. वय आधारवरचं धरतात. आमच्याकडच्या बऱ्याच आजी-आजोबांच्या आधारवर १ जानेवारी अशी अंदाजे तारीख आहे. आजीचं वय खरोखर बहात्तर आणि आधारवर सदुसष्ट असेल तर पुरावा शोधा, पण जन्मतारीख पुन्हा पुन्हा बदलून मिळत नाही. कागद पक्का असल्याशिवाय केंद्राची पायरी चढू नका.

कार्ड चालू ठेवणं

दरवर्षी हप्ता नाही, नूतनीकरण नाही. पण घरात जन्म, लग्न, मृत्यू किंवा वाटण्या झाल्या की रेशनकार्ड त्याच वर्षी दुरुस्त करा. मोबाइल नंबर बदलला तर आधारवरही बदला. हे हमखास राहून जातं, कारण सिम मुलगा बदलतो आणि आधार बाबांचं असतं. मुलांच्या आधारचं बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नवं करावं लागतं.

दवाखान्यात

योजना ॲडमिट होण्यासाठी आहे, ओपीडीच्या गोळ्यांसाठी नाही. आणि ती यादीतल्या रुग्णालयातच चालते, यादीतही प्रत्येक ठिकाणी प्रत्येक आजार नसतो. सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीला, रत्नागिरीतून कोल्हापूर-मिरजेला पेशंट नेण्याची आपली सवय आहे. गाडी काढण्याआधी १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन करून विचारा: या आजारासाठी हे रुग्णालय योजनेत आहे का?

पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाचा, टेबल शोधा आणि भरतीच्या आधीच सांगा की योजनेतून करायचं आहे. स्वतः बिल भरून नंतर पैसे परत मागायची सोय यात नाही. कार्ड निघालेलं नसलं तरी वैध रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र दाखवून नोंदणीचा प्रयत्न करा. जुना आजार आहे म्हणून नाकारता येत नाही. मंजुरी आल्यावर कुणी वरचे पैसे मागितले तर वाद घालत बसू नका. पावती मागा आणि वॉर्डातूनच हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, पण दोन गोष्टी विचारल्याशिवाय निघू नका: पुढच्या काही दिवसांची औषधं आणि फेरतपासणीची तारीख. दोन्ही योजनेतच येतात.