पर्लमध्ये सबरूटीनला दोन ॲरे द्यायचे तर

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत सबरूटीनला (नाव देऊन हवं तेव्हा वापरता येणाऱ्या कोडला) एकच ॲरे, म्हणजे यादी, द्यायचा असेल तर काही टेन्शन नाही, सरासरी(@अ_तुकडी) लिहा (@अ_तुकडी म्हणजे अ तुकडीच्या मार्कांचा ॲरे) आणि आत @_ मधून उचला, सबरूटीनला दिलेलं सगळं त्यातच येतं. (हो, व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, फाइलच्या वर यूज यूटीएफ8 (use utf8;) टाकलं की झालं.) खरी मजा दुसरा ॲरे आला की सुरू होते. तुलना(@अ_तुकडी, @ब_तुकडी) म्हटलं की पर्ल दोन्ही ॲरे सपाट करून एकाच @_ मध्ये ओततं, अ चे 40 मार्क आणि ब चे 35, आत मिळते 75 आकड्यांची सलग लिस्ट, कुठला आकडा कुणाचा काही पत्ता नाही. त्यात आत (@अ, @ब) = @_ लिहिलंत तर @अ सगळेच्या सगळे 75 गिळून बसतो आणि @ब रिकामा. त्या ओळीवर ना एरर ना वॉर्निंग, पुढे ब ची सरासरी काढताना शून्याने भागलं म्हणून प्रोग्राम कोसळतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

म्हणून ॲरेऐवजी त्याचा रेफरन्स, म्हणजे तो ॲरे कुठे आहे ते दाखवणारा पत्ता द्यायचा, ॲरेआधी फक्त उलटा स्लॅश: तुलना(\@अ_तुकडी, \@ब_तुकडी). आता @_ मध्ये दोनच स्केलर, म्हणजे दोन सुटी मूल्यं. आत ($अ, $ब) = @_ करा, आधी माय (my, व्हेरिएबल त्या सबरूटीनपुरतंच ठेवणारा शब्द) लावायला विसरू नका. अख्खा ॲरे हवा तर @$अ, पहिला मार्क $अ->[0], शेवटचा $अ->[-1]. पर्ल 5.24 पासून $अ->@* पण बिनधास्त चालतं, मला तेच वाचायला बरं वाटतं. फक्त \(@अ_तुकडी) असा कंस घालू नका, त्याने ॲरेचा नाही तर प्रत्येक आयटमचा वेगळा रेफरन्स मिळतो, 40 मार्कांचे 40.

आणि रेफरन्स म्हणजे मूळ ॲरेच हातात, आत @$अ मध्ये काही पुश केलं की बाहेरचाही बदलला. नको असेल तर आधी @कॉपी = @$अ करून कॉपीवर काम करा, ॲरेत ॲरे असतील तर मात्र ही कॉपी वरवरचीच, तिथे स्टोरेबल (Storable) मॉड्यूलचं डीक्लोन (dclone, आतपर्यंत पूर्ण कॉपी करणारं फंक्शन) लागतं. बाय द वे, रेफरन्स न देताही $_[0] ला थेट काही असाइन केलं तर बाहेरचा आयटम बदलतोच, कारण @_ मधले आयटम कॉपी नसून मूळचेच असतात.

रिटर्न करतानाही तोच सपाटपणा, त्यामुळे पास-नापास अशा दोन याद्या परत द्यायच्या तर (\@पास, \@नापास) असंच द्या.